निमेसिस आगबोट : चित्राखाली नेमकं काय लिहायचं?

पिंपळकट्टा (डिचोली)

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे पण वाचा आणि ज्याला जे ठाऊक असेल ते सांगा, मला हे काम चवथीच्या आत उरकायचंय.

माझे थोरले मामा मुंबईला गोदीत कामाला होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची एक पत्र्याची ट्रंक मामीने घर आवरताना माझ्या हवाली केली. त्यात जुन्या पावत्या, एक छत्री, आणि तळाला साडीत गुंडाळलेलं फ्रेमचं चित्र. मामांनी चोरबाजारातून आणलेलं असं मामी सांगते. आमच्या हवेने कागदाच्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग पडलेत, काचेला आतून बुरशी धरलीय, पण चित्र नीट दिसतं. एक मोठं चिनी जहाज आगीच्या लोळात फुटतंय, फळकुटं आणि माणसं आभाळात उडालीत, आजूबाजूला होड्या, आणि मागे एक लांबट काळी बोट, मधे उंच धुराडं, दोन डोलकाठ्या, कुशीला चाक. खाली इंग्रजीत निमेसिस हे नाव आणि ७ जानेवारी १८४१ ही तारीख.

आमच्या गावच्या वाचनालयाला भिंतीवर लावायला काहीतरी हवं होतं, मी हे देतो म्हणालो. कमिटीच्या एका सदस्यांनी खाली लावायला पट्टीचा मजकूरही करून दिला : "ब्रिटिश नौदलाची पहिली लोखंडी युद्धनौका निमेसिस चिनी चाच्यांचा पाडाव करताना, १८४१". छापायला द्यायच्या आधी म्हटलं जाणत्यांना विचारावं, कारण वाचनालयात पोरं येतात, एकदा भिंतीवर लागलं की तेच खरं होऊन बसतं. ही बोट कोणाची, तिने पुढेमागे काय केलं, आणि आपल्या बाजूशी तिचा काही धागा लागतो का? मामांनी एवढी जपून का ठेवली तेही मला कळेनासं झालंय.

जुनीपानं (फोंडा)

पिंपळकट्टा, बरं केलंत विचारलंत ते. तुमच्या पट्टीत १८४१ सोडलं तर जवळजवळ प्रत्येक शब्द बदलावा लागेल. मी शाळेत इतिहास शिकवतो म्हणून सवयीने सुरुवातीपासून सांगतो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, निमेसिस ब्रिटिश नौदलाची नव्हतीच. ती ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनीच्या लंडनमधल्या गुप्त समितीने ती बर्कनहेडच्या जॉन लेअर्डच्या कारखान्यात १८३९ साली बांधून घेतली, तीन-एक महिन्यांत. गुप्त समिती हे खरंच तिचं नाव होतं, युद्ध-तहाचे व्यवहार तिथून चालायचे. आणि ही आगबोटींची सगळी खटपट करणारा कंपनीचा अधिकारी कोण, तर टॉमस लव्ह पीकॉक, इंग्रजी वाचणाऱ्यांना तो कादंबरीकार म्हणून माहीत असतो. बोट पोर्ट्समथहून २८ मार्च १८४० ला निघाली तेव्हा ती काळ्या समुद्रात ओडेसाला चाललीय असं बाहेर सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात चीन. नौदलाच्या यादीत तिचं नाव नाही, कप्तान मात्र नौदलातला, विल्यम हचिन हॉल, आणि त्याला बोट मिळाली कारण त्याने स्वतःहून क्लाइड आणि थेम्सवरच्या आगबोटींवर, पुढे अमेरिकेत जाऊन वाफेचं काम शिकून घेतलं होतं. त्या काळी शिडाच्या जहाजावरचे अधिकारी इंजिनाकडे ढुंकून बघत नसत. पुढे हा माणूस अॅडमिरल झाला.

दुसरं, "पहिली लोखंडी युद्धनौका". हे कुठून येतं ते सांगतो. नौदलाची चिलखती लोखंडी वॉरियर १८६० साली पाण्यात उतरली, लोक तिच्यात आणि हिच्यात गल्लत करतात. निमेसिसला चिलखत नव्हतं, नुसता लोखंडी पत्र्याचा सांगाडा. तिच्याबाबतीत खात्रीने म्हणता येईल ते एवढंच की केप ऑफ गुड होपला वळसा घालून आलेली ती पहिली लोखंडी बोट.

तिसरं आणि मला जास्त खटकलेलं, "चिनी चाचे". ७ जानेवारी १८४१ ला कँटनच्या नदीच्या मुखाशी चुएनपी इथे लढाई झाली, पहिल्या अफू युद्धातली. चित्रात फुटतंय ते जहाज चाच्यांचं नाही, ते चीनच्या बादशहाच्या सरकारी आरमाराचं जंक, म्हणजे चिनी शिडाचं जहाज, आहे. निमेसिसवरून सोडलेलं रॉकेट त्याच्या दारूगोळ्यात शिरलं आणि जहाज जागच्या जागी उडालं, त्यावरचं कोणी वाचलं नाही. आपल्याच नदीच्या तोंडाशी आपलीच राखण करणारी माणसं होती ती. त्यांना चाचे म्हणू नका एवढी माझी विनंती.

बार्जमास्तर (सावर्डे)

मास्तरांनी इतिहास सांगितला, मी बोटीचं सांगतो. मी ३१ वर्षं खनिजाच्या बार्जवर काढली, मांडवी आणि झुआरी दोन्हीकडे, शेवटची १४ वर्षं मास्टर म्हणून. या निमेसिसबद्दल मी आधीच वाचलेलं होतं कारण तिचं बूड आमच्या बार्जसारखं, सपाट.

लांबी १८४ फूट, रुंदी २९, वजनाला ६६० टनाच्या आसपास, आणि समुद्राला लागताना पाण्यात फक्त ६ फूट. आता हे ६ फूट म्हणजे काय ते नदीत काम केलेल्यालाच कळेल. शिडाची मोठी युद्धनौका वीस-वीस फूट पाण्यात बसते, ती नदीच्या तोंडाशी नांगर टाकून नुसती बघत राहणार आणि ही बया सरळ आत गावाच्या पायरीपर्यंत. मार्च १८४१ मध्ये तिने तेच केलं, मकावकडून आतल्या नाल्यांतून कँटनच्या दिशेने तीन दिवस चढत गेली, जिथे कोणी इंग्रजी लढाऊ बोट कधी बघितलीच नव्हती, आणि वाटेतल्या चौक्या आणि तोफा मोडत गेली. दोन ३२ पौंडी तोफा, एक पुढे एक मागे, गरागरा फिरणाऱ्या, म्हणजे बोट वळवायची गरज नाही, अरुंद नाल्यात ते फार मोठं.

पण सपाट बुडाचं एक दुखणं असतं. बाजूने वारा लागला की बोट पुढे कमी आणि आडवी जास्त सरकते. पावसाळ्यात आग्वादच्या बारवर, म्हणजे नदीच्या तोंडाशी साचलेल्या रेतीच्या पट्ट्यावर, जी लाट उठते ती ज्याने बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही, पाणी उथळ, खाली रेतीचा दांडा, वर नैऋत्येचा वारा, आणि बार्ज तोंड एकीकडे करून चालते दुसरीकडे. म्हणून तर पावसाळ्यात आम्ही बार सोडून कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जायचो. निमेसिसला कालवा कुठला, तिला अख्खा अटलांटिक आणि केप पार करायचा होता, तर लेअर्डने तिच्या पोटातून खाली सोडायच्या दोन सरकत्या फळ्या बसवल्या, समुद्रात फळ्या खाली, नदीत वर. सुकाणूलाही खाली उतरवायचा जादा तुकडा. साधी गोष्ट आहे पण ज्याने केली त्याला मानलं पाहिजे.

आता तडा. हा भाग मी वाचला तेव्हा रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. केप ओलांडल्यावर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला तिला वादळाने गाठलं आणि चाकाच्या पेटीजवळ, म्हणजे कुशीच्या चाकावरच्या झाकणाजवळ, दोन्ही कुशींना वरच्या पत्र्यात चीर पडली. पहिल्यांदा लहान. मग प्रत्येक लाटेला बोट मधे वाकते, चीर उघडते, मिटते, आणि दर वेळेला थोडी खाली उतरते. असं करत ती काही फूट खाली गेली. मी हे डोळ्यांनी बघितलंय. आमच्या एका बार्जला हॅचच्या, म्हणजे माल भरायच्या तोंडाच्या, कोपऱ्याला केसाएवढी रेघ होती, रंगाखाली दिसेना, भरलेली बार्ज लाटेवर आली की त्या रेघेतून पाण्याचा बारीक घाम फुटायचा आणि लाट गेली की बंद. जिथे पत्रा एकाएकी कडक होतो किंवा कापलेला असतो तिथेच सगळा जोर येतो, हॅचचा कोपरा म्हणा की चाकाची पेटी म्हणा, गोष्ट एकच. आम्ही काय केलं, चिरेच्या टोकाला ड्रिलने गोल भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळत नाही, आणि धक्क्याला लागल्यावर पत्रा बदलला. त्यांच्याकडे वेल्डिंग नव्हतं, रिव्हेटचा जमाना, त्यांनी डेलागोआच्या खाडीत बोट आणून लाकडाचे ओंडके आणि बोल्ट वापरून कुशी आवळल्या आणि तशीच पुढे चीनपर्यंत नेली. हॉलने काय केलं ते बरं की वाईट हा वेगळा विषय, पण त्या वादळात फुटक्या बोटीवर ज्यांनी रात्र काढली ते खलाशी होते, एवढं मला कळतं.

सत्तरीची लेक (वाळपई)

वाचतेय सगळं. बार्जमास्तर काका, तुमचा तो घाम फुटणारा पत्रा डोळ्यासमोर आला अगदी.

पण मला वाटतं आपण बोटीच्या प्रेमात पडून बोट कशासाठी निघाली होती ते मागे टाकतोय. अफू युद्ध म्हणजे चीनने अफू बंद केली, १८३९ मध्ये कँटनला वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, आणि ती अफू विकायचा हक्क राहावा म्हणून हे आरमार गेलं. अफू कुठली होती? आपल्याकडचीच. बंगाल-बिहारची कंपनीच्या मक्त्याची आणि माळव्याची. आणि माळव्याची अफू बाहेर कुठून पडायची, तर बरीच वर्षं दमणमधून! कंपनीला कर द्यायचा नाही म्हणून माळव्यातून राजस्थान, सिंध, कराची असा वळसा घालून उंटांवरून माल यायचा, तिथून होडीने दमणला, पोर्तुगीज बावट्याखाली, आणि दमणहून मकावला. या धंद्यात मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय होते, मोतीचंद अमीचंद होते आणि आपल्या गोव्याच्या मुळाचे रोजेरियो द फारिया होते. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतलं तेव्हा ही वाट संपली.

म्हणजे पिंपळकट्टा यांनी विचारलेला धागा आहे, पण तो असा आहे. माझं प्रामाणिक मत, नुसतं शौर्याचं चित्र म्हणून हे वाचनालयात लावू नये. माझ्या आजोळी एक म्हातारे होते ज्यांना अफूची सवय होती, मी लहान असताना त्यांचे हात बघितलेत, चहाची कपबशी धरताना बशी वाजत राहायची. त्या कागदावर जे जहाज फुटतंय त्याच्या मागे अशी लाखो घरं आहेत.

कोळसा आणि वाफ (वास्को)

नमस्कार, मी बॉयलर अटेंडंट म्हणून निवृत्त झालो. या धाग्यात इंजिनाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

निमेसिसला दोन इंजिनं, प्रत्येकी ६० हॉर्सपॉवर, लिव्हरपूलच्या फॉरेस्टरची. त्या वेळचे बॉयलर समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर चालत. आता खारं पाणी उकळलं की मीठ तळाला बसतं, त्याची खपली पत्र्याला चिकटते, खपली जाड झाली की पत्रा जळतो. म्हणून दर थोड्या वेळाने तळचं खारट पाणी बाहेर सोडायचं, म्हणजे तापवलेली उष्णता सरळ समुद्रात, आणि बंदरात आलं की आगवाल्यांनी बॉयलरच्या आत शिरून छिन्नी-हातोड्याने खपली तासायची. मी गोड्या पाण्याच्या बॉयलरमध्ये शिरून खपली काढलीय, तीही बॉयलर दोन दिवस थंड होऊ दिल्यावर, तरी बाहेर आलं की नखांत आणि नाकात ती पांढरी भुकटी राहते आणि दोन दिवस जेवणाला चव लागत नाही. त्या लोकांचं काय होत असेल.

कोळसा हा दुसरा जीवघेणा प्रश्न. याचं उत्तम उदाहरण निमेसिसच्या दहा वर्षं आधीचं, आणि ते आपल्या मुंबईचं आहे. ह्यू लिंडसे नावाची आगबोट मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८२९ मध्ये बांधली, ४११ टन, ८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. कमांडर जॉन विल्सनने ती २० मार्च १८३० ला मुंबईहून काढली आणि २२ एप्रिलला सुएझला नेली. बांधताना कोळशाला जागा ठेवली होती साडेपाच दिवसांची आणि एडनपर्यंत लागणार होते अकरा दिवस! मग काय, प्रवाशांच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरला, बोट ठरवल्यापेक्षा कितीतरी खोल बसली, आणि एडनला पोचली तेव्हा कोळसा संपत आलेला. पुढे एडन, जेद्दा, कोसेर असे थांबे घेत कोळसा भरायचा. १८३९ च्या जानेवारीत कंपनीने एडनच ताब्यात घेतलं त्याला कोळशाचा तळ हे मोठं कारण.

निमेसिसनेही वाटेत मिळेल ते जाळलं, आफ्रिकेच्या पश्चिमेला प्रिन्सिपे बेटावर लाकूड तोडून भरून घेतलं. वारा चांगला असेल तेव्हा इंजिन बंद, शिडं वर. आगबोट म्हणतो आपण पण निम्मा प्रवास शिडावर.

एक कंपासचं राहिलं. लाकडी जहाजावर होकायंत्र सरळ उत्तर दाखवतं, लोखंडी बोटीत सगळं लोखंड त्याला ओढतं. यावर एअरी नावाच्या इंग्रज राज-ज्योतिर्विदाने १८३८ मध्ये लेअर्डच्याच रेनबो नावाच्या बोटीवर प्रयोग करून तोड काढली होती, होकायंत्राच्या आसपास मोजून चुंबक ठेवायचे. निमेसिसवर तीच पद्धत वापरली. तरी चीनला निघायच्या आधीच ती कॉर्नवॉलला सेंट आइव्हजजवळ रात्रीची खडकावर चढलीच. पाणी आत आलं, पण पोटात आडव्या लोखंडी भिंती घालून कप्पे केले होते म्हणून एकाच कप्प्यात राहिलं आणि बोट तरली. बार्जमास्तरांना हे वेगळं सांगायला नको.

बार्जमास्तर (सावर्डे)

बरोबर. ती भिंत नसती तर या चित्राचा प्रश्नच आला नसता.

पिंपळकट्टा (डिचोली)

देव बरें करूं सगळ्यांचं. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचतोय, आणि एक नकाशा घेऊन बसलो तर एक गोष्ट लक्षात आली ती लिहितो, चुकत असेन तर सांगा. प्रिन्सिपे कोणाचं, पोर्तुगीजांचं. डेलागोआची खाडी म्हणजे आजचं मापुतो, तिथेही पोर्तुगीज. पुढे ती मोझांबिक बेटावर थांबली, तेही पोर्तुगीज. मग सिलोन, आणि शेवटी २५ नोव्हेंबर १८४० ला मकाव! म्हणजे इंग्रजांची गुपचूप निघालेली बोट लाकूड घ्यायला, तडा सांधायला आणि नांगर टाकायला आपल्यावर ज्यांचं राज्य होतं त्यांच्याच बंदरांत जात होती. मग गोव्याला ती आली होती का? किंवा निदान समोरून गेली का?

आणि सत्तरीची लेक, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी चित्र अजून भिंतीला लावलेलं नाही.

जुनीपानं (फोंडा)

पिंपळकट्टा बाब, तुमचा नकाशा बरोबर आहे आणि त्यात अजून एक भर घाला. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा. आणि मकाव तर १८४४ पर्यंत गोव्याच्या गव्हर्नरच्या अखत्यारीत होतं, तिमोर आणि सोलोरसकट. म्हणजे निमेसिस मकावला आली त्या दिवशी कागदोपत्री त्या बंदराचा वरिष्ठ पणजीत बसलेला होता. इंग्रज-पोर्तुगीज दोस्ती फार जुनी, नेपोलियनच्या काळात तर १७९९ पासून १८१३ पर्यंत इंग्रजांचं सैन्य इथे गोव्यातच तळ ठोकून होतं, दोनापावलाची ती इंग्रजांची स्मशानभूमी त्यातूनच आली. तेव्हा बंदरं मोकळी मिळाली यात नवल नाही.

आता समोरून गेली का. युद्ध संपलं २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगच्या तहाने. त्याआधी उन्हाळ्यात यांगत्से नदीत ही आणि हिच्यासारख्या आगबोटी शिडाच्या जड युद्धनौकांना दोर लावून ओढत आत नेत होत्या, ते झालं नसतं तर नानकिंगपर्यंत आरमार पोचलंच नसतं. तह कुठे झाला, तर कॉर्नवॉलिस या युद्धनौकेवर, आणि कॉर्नवॉलिस बांधली मुंबईत, वाडियांनी, १८१३ मध्ये, सागवानाची. त्यानंतर निमेसिस कलकत्त्याला आली आणि १८४३ मध्ये दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत. कलकत्त्याहून मुंबईला यायचं म्हणजे सिलोनला वळसा घालून मलबार-कोकण किनारा धरून वर, दुसरी वाट नाही. तेव्हा काबोवरून किंवा आग्वादच्या बुरुजावरून क्षितिजावर धुराची रेघ कोणीतरी बघितली असणार असं मी धरून चालतो.

गोदीत तिचं बूड उघडं पडलं तेव्हा बघणाऱ्यांना आश्चर्य वाटलं होतं. खडकांवर इतक्या वेळा घासून पत्रे जागोजागी काही इंच आत दबलेले, पण फुटलेले नाहीत. लाकडी जहाज असतं तर कधीच गेलं असतं. लोखंडाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा मोठा पुरावा मिळाला.

आणि हे मला नेहमी विलक्षण वाटतं. त्याच १८४३ च्या ऑक्टोबरमध्ये, २२ तारखेला, तिकडे दमणला पोर्तुगीजांनी एक युद्धनौका पाण्यात उतरवली, दों फेर्नांदो दुसरा ई ग्लोरिया. नगर हवेलीच्या जंगलातल्या सागवानाची, पन्नास तोफांची, आणि पूर्णपणे शिडाची. मुंबईच्या गोदीत लोखंडी आगबोट आणि दमणच्या धक्क्यावर सागाचं शिडाचं जहाज, दोघांत जेमतेम शंभर मैल. दमणच्या सुतारांचं काम इतकं पक्कं की ते जहाज १८४५ मध्ये गोव्याहून लिस्बनला गेलं आणि पुढे कित्येक वर्षं लिस्बन-गोवा करत राहिलं, १९६३ मध्ये जळालं तरी सांगाडा उरला, आणि डागडुजी होऊन आज लिस्बनसमोर नदीकाठी संग्रहालय म्हणून उभं आहे.

निमेसिसची पुढची कामगिरी बोर्निओकडे. ऑगस्ट १८४५ मध्ये मारुडूच्या खाडीत, मग ३१ जुलै १८४९ च्या रात्री बेटिंग मारू इथे, सारावाकचा इंग्रज राजा जेम्स ब्रुक याच्या मदतीला. तिथे समोर सारिबास आणि स्क्रांगचे लोक होते, त्यांच्या वल्ह्यांच्या लांब होड्या, आणि निमेसिसने चाकांखाली होड्या चिरडल्या. इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं होतं आणि चाच्यांच्या डोक्यामागे बक्षीस द्यायचा कायदा होता, त्याखाली २०,७०० पौंड दिले गेले. यावर लंडनच्या पार्लमेंटमध्येसुद्धा लोकांनी जाब विचारला, हे खरंच चाचे होते का म्हणून. तुमच्या कमिटीतल्या सद्गृहस्थांच्या डोक्यात चाचे इथूनच आले असतील कदाचित. पण चित्र १८४१ चं आहे.

तारवटी घर (आगशी)

मधेच येतो. आमच्या घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. आजोबा भंडारी म्हणजे बोटीवरचे स्वयंपाकी, बाबा सलूनला म्हणजे बोटीच्या जेवणघरात. मुंबईच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहून बोटीची वाट बघायचे. पिंपळकट्टांनी विचारलं होतं मामांनी चित्र का जपलं, त्यावर बोलावंसं वाटलं. गोदीतल्या माणसाला बोट कोणाची आणि कशासाठी हे बहुतेक वेळा माहीत नसतं. माझ्या बाबांनी लढाईच्या काळात कुठल्या कुठल्या मालाच्या बोटींवर काम केलं, खाली काय भरलंय ते कोणी सांगत नसे. पण बोटीचं नाव, तिचं धुराडं, तिचा भोंगा हे सगळं पाठ. बाबांच्या पेटीतही अशीच बोटींची कात्रणं होती, आईने त्यांच्यामागे ती तशीच ठेवलीत, डांबरगोळ्या घालून. मामांनीही बहुतेक त्या काळ्या बोटीसाठी घेतलं असणार, फुटणाऱ्या जहाजासाठी नाही.

आणि एक कामाची गोष्ट. काचेची बुरशी आहे तोवर चित्र भिंतीला लावू नका, पावसाळ्यात तर नाहीच. फ्रेम उघडून कागद सावलीत हवेशीर ठेवा, पुसायला जाऊ नका, पुन्हा बसवताना काच कागदाला टेकणार नाही अशी मधे पट्टी घाला, आणि भिंत ओलीची नको.

सत्तरीची लेक (वाळपई)

तारवटी घर, हे वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलते. लावू नका म्हणाले होते, ते मागे घेते. लावा. पण पट्टीत अफू हा शब्द हवा, आणि दमण हा शब्दही हवा. आपण फक्त बघणारे होतो असं पोरांना वाटू नये.

पिंपळकट्टा (डिचोली)

काल कमिटीसमोर सगळं ठेवलं. ज्यांनी पहिली पट्टी लिहिली होती ते आधी जरा नाराज झाले, पण जुनीपानं सरांचं उत्तर मोबाईलवर पूर्ण वाचून म्हणाले, चाचे काढा, माझी चूक. मोठं मन लागतं त्याला.

फ्रेम उघडली. कागदाच्या मागे पेन्सिलने मामांच्या अक्षरात दोनच शब्द आहेत, "दोन चाकं". बस्स. त्यांना चाकाची बोट कधी प्रत्यक्ष बघायला मिळाली होती का, आता विचारायला कोणी नाही, मामीलाही ठाऊक नाही.

नवी पट्टी अशी केलीय, शेवटचं बघून घ्या, उद्या छापायला जाईल :

"निमेसिस. ईस्ट इंडिया कंपनीची लोखंडी आगबोट, बांधणी बर्कनहेड १८३९. पहिल्या अफू युद्धात ७ जानेवारी १८४१ रोजी चुएनपी येथे तिच्या रॉकेटने चीनचे सरकारी लढाऊ जंक उडाले, त्यावरचे सर्व जण मेले. हे युद्ध ज्या अफूवरून झाले तिच्यातली काही माळव्यातून दमणमार्गे मकावला जात असे. १८४३ मध्ये ही बोट दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आली होती."

बार्जमास्तर (सावर्डे)

चांगली झालीय. "लोखंडी" च्या आधी "सपाट बुडाची" एवढं घाला. नदीत ती कशी शिरली ते त्याशिवाय पोरांना कळणार नाही.

पिंपळकट्टा (डिचोली)

घातलं.